कडक केलं म्हणून गुळगुळीत चालेल असं नाही

स्टीलचा पृष्ठभाग कडक केला की घर्षण आपोआप कमी होतं, हा समज फार चिवट आहे. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर २००० विकर्सच्या (कडकपणा मोजायचं एकक) वर जातो, तरी स्टीलवर कोरडा घासला तर घर्षणांक ०.५ च्या आसपास राहू शकतो. उलट मँगनीज फॉस्फेटचा थर अजिबात कडक नसतो. पण त्याच्या बारीक स्फटिकांमध्ये तेल धरून राहतं, म्हणून नव्या गिअरचे दात पहिल्या काही तासांत एकमेकांना चिकटत नाहीत. दात नीट बसेपर्यंत तो थर झिजून जातो, आणि त्याचं काम तेवढंच असतं.

म्हणून प्रक्रिया ठरवण्याआधी झिजलेला भाग हातात घेऊन बघा. सरळ, बारीक रेघा असतील तर आत धूळ शिरते आहे. कडक केलेल्या स्टीलचे ६० रॉकवेल सी (कडकपणाचं दुसरं माप) म्हणजे साधारण ७०० विकर्स, आणि वाळूतलं क्वार्ट्झ १००० च्या पुढे! इथे आधी सील बदला. दातांवर खड्डे पडले असतील तर तडा बहुधा पृष्ठभागाच्या थोडा खाली सुरू झालेला असतो. तिथे ३ मायक्रॉनचा थर काय करणार? खोल कार्ब्युरायझिंगच (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक करणं) हवं. धातू चिकटून, फाटून ओढला गेला असेल तर नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) उत्तम.

नायट्रायडिंग ५०० ते ५३० अंशांवर होतं आणि नंतर क्वेंचिंग (झटकन थंड करणं) नसतं, त्यामुळे शाफ्ट फारसा वाकत नाही. पण त्याआधीचं टेंपरिंग (कडक केलेलं स्टील पुन्हा तापवून चिवट करणं) निदान ३० अंश जास्त तापमानाला झालेलं हवं, नाहीतर गाभा मऊ पडतो. ईएन १९ या मिश्रधातू स्टीलला साधारण ६०० ते ६५० विकर्स मिळतात, अ‍ॅल्युमिनियम असलेल्या ईएन ४१बी ला ९०० च्या पुढे. ईएन ८ या साध्या कार्बन स्टीलकडून मात्र तशी अपेक्षा नको, त्यात नायट्राइड बनवणारी मूलद्रव्यं जवळजवळ नसतातच.

सगळ्यात जास्त गोंधळ व्हाइट लेअरचा, म्हणजे नायट्रायडिंगमध्ये अगदी वर बनणाऱ्या नायट्राइडच्या थराचा. १० मायक्रॉनपर्यंत तो फायद्याचा, २५ च्या पुढे ठिसूळ होतो. त्याचे कपचे उडतात आणि तेच पुढे वाळूसारखे घासतात. मग तो काढायला कोणी ग्राइंडिंगवर प्रत्येक बाजूला ०.१ मिमी घेतो. नायट्रायडिंगची एकूण खोली ०.४ मिमी, त्यासाठी भट्टीत ४० तासांच्या आसपास गेलेले, आणि सगळ्यात कडक भाग चाकाखाली संपला. लॅपिंग (बारीक पावडरने हलकं घासणं) करा, काही मायक्रॉन पुरे.

हार्ड क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या कडक प्लेटिंगची, गोष्ट वेगळी. ४० रॉकवेलच्या वरच्या स्टीलला प्लेटिंगनंतर लगेच, फार तर ४ तासांत, १९० ते २२० अंशांवर बेकिंगला लावा. नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे भाग काही दिवसांनी अचानक तुटतो. आणि क्रोमवर क्रोम कधीच चालवू नका, ते चिकटतं.

फिनिश मात्र आधीच करा. पातळ थर खालचा खरबरीतपणा जसाच्या तसा उचलतो, आणि खरबरीत कडक थर म्हणजे कानसच. शाफ्ट नवा दिसत राहतो, त्यावर घासणारं गनमेटलचं (एक प्रकारचं कांसं) बुश झिजून संपतं.