कोणता एमपी३ प्लेअर घेऊ, हे तुम्ही विचारलंत म्हणून

सप्ताह जवळ आला, दिंडीची तयारी सुरू झाली किंवा रब्बीत रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायची पाळी आली, की हा प्रश्न येतोच. आणि दर वेळी त्याला जोडून दुसरा येतो : "आवाज कुणाचा चांगला?" खरेदी चुकते ती या दुसऱ्या प्रश्नामुळे, म्हणून आज त्याचंच उत्तर आधी देतो.

साध्या प्लेअरच्या आवाजातला बराचसा फरक प्लेअरचा नसतो, इअरफोनचा असतो. १६ ते ३२ ओहमचे नेहमीचे इअरफोन स्वस्तातला प्लेअरही व्यवस्थित वाजवतो. आणि गाणं मुळात १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) असेल तर ते ३२० ला बदलून फक्त फाइल फुगते. गेलेला आवाज परत येत नाही. १२८ ला मिनिटाला जवळपास १ एमबी लागतो, ३२० ला २.४. म्हणजे ३२ जीबीच्या मेमरी कार्डात १२८ ची साडेपाचशे तासांची गाणी मावतात. तरीही लोक १२८ जीबीचं कार्ड मागतात. त्या कार्डाकडे पुढे येतो.

दुकानात बघायचं ते वेगळंच. लातूरच्या गंजगोलाईत घ्या नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि त्यात तासाभराहून मोठं एक कीर्तन ठेवा. चाळिसाव्या मिनिटापर्यंत पुढे न्या, प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. काही प्लेअर कार्डातल्या पहिल्या फाइलवर जातात, काही त्याच कीर्तनाच्या सुरुवातीला, काही बरोबर चाळिसाव्या मिनिटावर. गाणी ऐकणाऱ्याला यानं फरक पडत नाही. दोन तासांचं कीर्तन तुकड्यातुकड्यानं ऐकणाऱ्यासाठी मात्र तिसऱ्या प्रकाराखेरीज सगळे निरुपयोगी आहेत. त्यातही एक मेख आहे : काही प्लेअर जागा लक्षात ठेवतात ती बटणानं बंद केल्यावरच. बॅटरी संपून बंद पडले तर विसरतात. म्हणून शक्य असेल तर चालू असताना बॅटरी काढून एकदा बघाच.

"पहिल्या दिवसाआधी पाचवा दिवस वाजतो" ही तक्रारही बिघाडाची नाही. स्वस्तातले बरेच प्लेअर नावाप्रमाणे फाइल लावत नाहीत. कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. कार्ड फॅट३२ या पद्धतीत फॉरमॅट करा, नावांआधी ०१, ०२ असे आकडे टाका (नुसता १ टाकलात तर काही प्लेअर २ च्या आधी १० वाजवतात) आणि फाइल एकेक करून क्रमानं कॉपी करा. पडद्यावर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर नावं रोमन अक्षरांत लिहा.

आता ते कार्ड. एका घरातल्या आजोबांची दहा वर्षांच्या सप्ताहांतली कीर्तनं, सुमारे ४० जीबी. आजोबा आता नाहीत. नातवानं स्वस्तात मिळालेल्या १२८ जीबीच्या कार्डात सगळं कॉपी केलं. एकही एरर आली नाही. सगळी नावं दिसली, आकारही बरोबर दिसले. मग संगणकावरची जागा मोकळी केली, विंडोज नव्यानं टाकली. प्लेअरमध्ये पहिल्या दीड-दोन वर्षांची कीर्तनं वाजली. पुढे नाव यायचं, वेळ पळायची आणि आवाज काहीच नाही.

कार्डाची खरी क्षमता तपासणाऱ्या एचटूटेस्टडब्ल्यू या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरनं तपासल्यावर कळलं की कार्ड जेमतेम ८ जीबीचं आहे. अशा कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपला, खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीला लिहिली जाते, म्हणून ती शाबूत राहते. खऱ्या जागेपलीकडचा डेटा मात्र कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्याच जागेवर पुन्हा लिहिला जातो. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आशा होती ती मूळ हार्डडिस्कची. पण तिच्यावर नवीन विंडोज आणि नवीन फाइल बसल्या होत्या. आठ वर्षांची कीर्तनं गेली.

'कार्ड कुठलंही चालतं' असं तोवर मीच सांगत होतो. मूळ प्रत पुसा असं मी कधीच म्हटलं नव्हतं, हेही खरं. पण 'कुठलंही चालतं' ऐकणारा माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूसच मूळ प्रत पुसतो. त्यामुळे ही जबाबदारी मला पूर्ण झटकता येत नाही.

म्हणून कार्ड रिकामं असतानाच पूर्ण भरून तपासा. सेकंदाला १० एमबी वेगानं १२८ जीबी लिहायलाच साडेतीन तास लागतात, वाचून पडताळायला आणखी. रात्री लावून ठेवा. लिनक्सवर एचटूटेस्टडब्ल्यूचं काम एफथ्री करतं. आणि ३२ जीबीचं कार्ड २९ पूर्णांक काहीतरी दाखवतं, ती फसवणूक नाही. संगणकाची मोजायची रीत वेगळी आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. बीएल-५सी (जुन्या नोकिया फोनमधली बॅटरी) बसणारा प्लेअर घेतलात तर बॅटरी स्वतः बदलता येते. आत डकवलेली असेल तर फुगल्यावर दाबू नका, टोचू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरवर उन्हात ठेवलेला प्लेअर सहज तेवढा तापतो. टाइप-सीचा प्लेअर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरनं चार्ज होत नसेल तर लगेच परत करू नका. स्वस्त प्लेअरमध्ये त्यासाठी लागणारे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लावा, बहुतेक वेळा चालतो.

राहिला जुना फोन. ॲपलनं २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला, तेव्हा 'आता वेगळा प्लेअर कशाला, जुन्या फोनमध्ये कार्ड टाका' हे मी ठासून सांगायचो. जागा लक्षात ठेवणारं ॲप मिळतं, नावं मराठीत दिसतात. हे आजही खरं आहे. पण चिखलाच्या हातानं काचेचा पडदा चालत नाही. प्लेअरचं बटण खिशात हात घालून, न बघता दाबता येतं. शिवाय बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम नसतं. प्लेअरमध्ये असतं, पण तिथं इअरफोनची वायरच अँटेना असते. ती न लावता रेडिओ धरत नाही म्हणून प्लेअर परत नेणारेही असतात. दिंडीत चालणाऱ्याला मी आज प्लेअर सांगेन, घरी बसून कीर्तन ऐकणाऱ्याला फोन. रात्री पाणी देणाऱ्याला काय सांगावं, यावर माझं अजून ठरत नाही : बटणं हवीत, पण मोटर बंद पडली तर फोनही जवळच लागतो.