मावशींच्या मुंग्या

जानेवारीतला मंगळवार. नाशिकची थंडी जोरात होती आणि हवा कोरडीठाक. सकाळी सव्वानऊला गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसातून फोन आला, "सगळीकडे करंट उतरलाय, लगेच या." मी परवानाधारक वायरमन आहे, या कामात 22 वर्षं झाली. "करंट उतरलाय" हे शब्द कानावर पडले की हातातला चहा तसाच राहतो.

पोचलो तर निम्मी माणसं पॅसेजमध्ये उभी होती. काचेच्या दाराच्या स्टीलच्या मुठीला, फायलींच्या कपाटाला, अगदी एकमेकांच्या हाताला हात लागला तरी झटका बसत होता. त्यांच्यातली एक मुलगी सहा महिन्यांची गरोदर. चार दिवस ती ओढणी हाताला गुंडाळून दार उघडत होती. "काका, बाळाला काही होणार नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी सगळं तपासतो, मग सांगतो." तपासल्याशिवाय धीर द्यायचा नाही, हा माझा नियम आहे.

मेन बोर्डापासून सुरुवात केली. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, त्याचं टेस्ट बटण दाबलं, तो लगेच पडला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दीड व्होल्ट, तेही ठीक. हॉलमधल्या एकेका सॉकेटचं अर्थिंग पाहिलं, ठीक. कपाटांना टेस्टर लावला, पेटला नाही. दीड तास गेला, दोष काही सापडेना. शेवटचा सॉकेट तपासून मी हॉलच्या त्या टोकाकडून चालत आलो, दाराची मूठ धरली आणि चट्! बोटाच्या टोकाला सुई टोचावी तसं झालं. तिथेच उभं राहून पुन्हा मूठ धरली. काहीच नाही.

तेव्हा उलगडा झाला. लाइनचा करंट असा एकदा देऊन थांबत नाही, हात आहे तोवर तो वाहतच राहतो. ही स्थितिक विद्युत होती. लहानपणी केसांत फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटायचे, तीच.

हॉलमध्ये दिवाळीत नायलॉनचं कार्पेट टाकलेलं. त्यावरून चालताना बुटाचा रबरी तळ चिकटतो, सुटतो, आणि दर पावलाला थोडे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जातात. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर असतो, त्यातून हा साठलेला विद्युतभार निसटून जातो. त्या दिवशी माझ्या छोट्या मीटरवर आर्द्रता 23 टक्के होती. भाराला जायला वाटच नव्हती. तो अंगावर साठत राहतो आणि धातू दिसला की उडी मारतो.

मी त्या मुलीच्या हातात टेस्टर दिला. "कार्पेटवरून एक फेरी मारून या. वरच्या टोपीवर बोट ठेवा आणि टोक मुठीला लावा." टेस्टरमधला दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. तिला झटका बसला नाही, कारण टेस्टरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे भार हळू उतरला. मग तिने नुसत्या हाताने मूठ धरली, तरी काही नाही.

झटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण 3000 व्होल्टच्या वर दाब असतो, हे सांगितल्यावर सगळे दचकले. घरात 230 व्होल्टने माणूस जातो, मग यात का नाही? कारण अंगावर साठलेली वीज अगदी थोडी असते. 5000 व्होल्ट धरले तरी ऊर्जा एक-सव्वा मिलिज्यूल, आणि ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते. लाइनच्या मागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं. मुलीला सांगितलं, "बाळापर्यंत यातलं काही पोचत नाही." तिने ओढणी सोडली.

मग प्रश्नांची रीघ लागली. खुर्चीवरून उठल्यावरच का बसतो? कपडे आणि खुर्चीचं कापड सुटं होतं, भार तेव्हाच उघडा पडतो. उठताना खुर्चीची धातूची दांडी धरून उठा. दाराला आधी बोट लावण्याऐवजी किल्ली घट्ट धरून ती टेकवा, ठिणगी किल्लीवर पडते. पेट्रोलचं एकाने विचारलं ते बरं झालं. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलसुद्धा लागत नाही, म्हणून टाकी उघडी असताना जर्किन काढत बसू नका.

"मला बसतो, याला का नाही बसत?" असंही कुणीतरी विचारलं. पायातल्या वहाणांवर फार अवलंबून असतं, हे दाखवायला मी सफाईच्या मावशींना हाक मारली. त्या चपला बाहेर काढून अनवाणी काम करतात. "मावशी, तुम्हाला नाही ना बसत?" उत्तर मी गृहीतच धरलं होतं.

"दाराला नाही बसत भाऊ. पण पाण्याच्या कूलरला हात लावला की मुंग्या येतात. हात काढेपर्यंत येतात."

मागून कुणी म्हणालं, "तेच ते, थंडीचं."

ते तेच नव्हतं. अनवाणी माणूस फरशीवर उभा असला की भार साठतच नाही, आणि हात काढेपर्यंत येणाऱ्या मुंग्या ठिणगीच्या नसतात. कूलर मागच्या पॅन्ट्रीत होता. तक्रारीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून मी तिकडे गेलोच नव्हतो. याची मला आजही टोचणी आहे. टेस्टर लावला आणि दिवा पेटला तो पेटलेलाच राहिला. मल्टिमीटरवर दोनशेच्या वर व्होल्ट. थ्री-पिन टॉपची अर्थची पिन कापून तो दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेला होता. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला तर इन्सुलेशन 0.2 मेगओहम, एकही मेगओहम नाही. मावशींच्या अंगातून मिलिअँपिअरभर करंट जात होता. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला पडतो, त्यामुळे तो गप्प. इन्सुलेशन आणखी उतरलं असतं तर ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी उभ्या असलेल्या मावशींवर काय ओढवलं असतं, ते सांगायला नको.

"कधीपासून येतात मुंग्या?"

"दिवाळीपासून. एकदा सांगितलं होतं. म्हणाले, सगळ्यांनाच बसतो."

मी कूलर बंद केला, एक्स्टेन्शन बोर्ड काढून माझ्या पिशवीत टाकला आणि मॅनेजरसाहेबांना मेगरचा काटा दाखवला. तासाभरात कूलर टेम्पोत चढला. पॅन्ट्रीच्या सॉकेटला नवं अर्थिंग ओढून होईस्तोवर चार वाजले. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. निघताना मी त्यांना टेस्टर कसा धरायचा ते दाखवलं आणि माझ्याकडचा एक त्यांना देऊन आलो.