खंजिरी भजनांची हार्ड डिस्क : पोर्टापासून ड्रायव्हरपर्यंत

गावच्या भजन मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग एका जागी आणायचं काम डिस्कपाशीच अडकलं होतं. अडीच इंची, एक टीबीची, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल मांडायची पद्धत) असलेली बाहेरची हार्ड डिस्क. लिनक्स मिंट टाकलेल्या जुन्या आय-थ्री डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टात लावली की दिवा लागायचा, आतून टक-टक यायची आणि फाइल मॅनेजरमध्ये काहीच नाही. आर्वीच्या मित्राचा सल्ला ठरलेला : "कायले डोकं लावतं बाप्पा, फॉरमॅट मारून टाक."

फॉरमॅट मारायला डिस्क दिसली तर पाहिजे! एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड चालवली तर यादीत फक्त आतली डिस्क. म्हणजे कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) ही डिस्क अजून ओळखलेलीच नाही, फाइल सिस्टिमपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. अशा वेळी पार्टिशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बोटं घालणं मला तरी पटत नाही.

मग टर्मिनलमध्ये सुडो (अॅडमिनचा अधिकार) लावून डीमेसेज -डब्ल्यू, म्हणजे कर्नलचा लॉग, चालू ठेवलं आणि डिस्क पुन्हा लावली. लावल्या क्षणी कर्नल काय म्हणतो ते समोर येतं, यापेक्षा कामाची कमांड या विषयात नाही. 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' असं आलं, पाठोपाठ 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१', असं काही वेळा होऊन शेवटी 'अनेबल टू एन्युमरेट', म्हणजे ओळख पटली नाही. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर : डिस्कनं आपली ओळख सांगायला सुरुवात केली, पण बोलणं मध्येच तुटलं. उणे ११० आला असता तर उत्तरच वेळेत आलं नाही असा अर्थ झाला असता. दोन्हीत पहिला संशय केबल, पोर्ट आणि करंट यांच्यावर घ्यावा.

गावात मात्र संशय एकाच गोष्टीवर : व्होल्टेज. रब्बीत मोटारपंप चालू झाले की आमच्याकडे बल्ब पिवळा पडतो, त्यामुळे फ्रिजपासून मोबाइलपर्यंत सगळं खापर त्यावरच फुटतं. इथे ते बरोबर नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, आत येणारा दाब बराच खाली गेला तरी पाच व्होल्ट सांभाळतो, आणि अगदीच जमलं नाही तर मशीनच बंद पडते. फक्त डिस्क गायब आणि बाकी सगळं सुरळीत, असं होत असेल तर मीटर घेऊन पोर्टाकडेच जावं. (मे महिन्याच्या उन्हात वर्षानुवर्षे तापलेले एसएमपीएसचे कपॅसिटर हा वेगळा विषय. ते सुकले की पाच व्होल्टही डगमगतात.)

त्याच पुढच्या पोर्टात पेन ड्राइव्ह बिनबोभाट चालत होता. पोर्ट मेलेलं नाही, कमी पडतंय. यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ती याहून जास्त ओढू शकते. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टापासून मदरबोर्डापर्यंत बारीक वायर, तिथेही दाब पडतो. यूएसबी मीटर मध्ये लावला तर डिस्क फिरायला लागताच आकडा साडेचार व्होल्टच्या आसपास उतरत होता.

मागच्या निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टात लावली, सोबतची आखूड केबल वापरली, आणि एसडीबी१ (लिनक्सनं या डिस्कच्या पार्टिशनला दिलेलं नाव) लगेच हजर.

पण मोठ्या फाइल कॉपी करताना ती अधूनमधून थिजायची. लॉगमध्ये 'यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर' आणि मग रिसेट. हे दुखणं वेगळं. यूएएस हा वेगवान ड्रायव्हर, पण डिस्कच्या डबीतल्या काही स्वस्त ब्रिज चिपांना (डिस्क आणि यूएसबी जोडणाऱ्या) तो झेपत नाही. इलाज : एलएसयूएसबी या यूएसबी यादीच्या कमांडमधून चिपचा आयडी घ्यायचा (चार अक्षरं, कोलन, चार अक्षरं), मॉडप्रोब.डी फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेज या जुन्या, संथ ड्रायव्हरच्या क्विर्क्समध्ये (अपवादांच्या यादीत) तो लिहून पुढे कोलन आणि यू जोडायचा, इनिट्रामएफएस (बूट होताना लागणारी फाइल) अपडेट करून रीस्टार्ट. मग एलएसयूएसबी -टी मध्ये ड्रायव्हर 'यूएएस' ऐवजी 'यूएसबी-स्टोरेज' दिसला पाहिजे. वेग थोडा उतरला, कॉपी मात्र अखंड झाली.

एनटीएफएस फक्त वाचण्यापुरतं माउंट होत होतं, त्याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप, ज्यात शटडाउन अर्धवटच होतं. ज्या लॅपटॉपवर डिस्क आधी लावली होती तिथे ते बंद करून पूर्ण शटडाउन केलं, सुटलं.

भजनं आता दोन जागी आहेत. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलला '-डी सॅट' देऊन तपासलं, १९७ क्रमांकाचे पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले, संशयित भाग) शून्य, म्हणजे ती टक-टक बहुधा करंट कमी पडून उपाशी राहिलेल्या डिस्कची होती. आता नागपूरच्या सीताबर्डीवरून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणायचा आहे. तो आला की पुढच्या पोर्टात हीच डिस्क त्या हबातून लावून पाहणार. उणे ७१ पुन्हा आलाच, तर पुढच्या पोर्टाची वायर बदलावी लागेल.