जोडा-टाइम काढली: कर्जाच्या कोडबेसमधल्या प्रवासाचा वृत्तांत

आमचं प्रॉडक्ट कर्जाचं. हप्ते, थकबाकी, मुदतपूर्व परतफेड, दंड. अंधेरीच्या एमआयडीसीत बसून बऱ्याच हातांनी लिहिलेला जुना जावा कोड, आणि त्यात तारीख-वेळेसाठी जिकडेतिकडे जोडा-टाइम ही बाहेरची लायब्ररी. ती काढून जावाचं स्वतःचं जावा डॉट टाइम आणायचं काम आमच्या टीमकडे आलं. ज्यांच्याकडे हे काम अजून यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. जोडा-टाइममध्ये काही बिघडलं नव्हतं. जावाचे जुने डेट आणि कॅलेंडर इतके गचाळ होते की त्या काळी शहाण्या माणसानं जोडाच घ्यायची. ती लिहिणारे स्टीफन कोलबोर्न पुढे जेएसआर-३१० मध्येही (जावात नवी तारीख-वेळ आणणाऱ्या प्रस्तावात) होते, आणि मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर जावा डॉट टाइम आलं. तेव्हापासून जोडाचे कर्तेच सांगतायत की आता तिकडे जा. आमच्याकडे उत्तर एकच, ‘चालतंय ना?’ मग आमचं ॲप्लिकेशन ज्यावर उभं आहे त्या स्प्रिंग फ्रेमवर्कनं ५.३ मध्ये जोडाचा सपोर्ट डेप्रिकेट केला, म्हणजे ‘पुढे काढणार’ असं सांगितलं, ६ मध्ये काढूनच टाकला, आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटशी जोडाला जोडून देणारी मधली लायब्ररीही नव्या आवृत्तीबरोबर चालेना. स्प्रिंग वर न्यायचं तर जोडा जायलाच हवी होती.

सुरुवात कोड बदलण्यापासून करू नका. आधी नवा जोडा कोड आत यायचा बंद करा. कोडचे नियम तपासणाऱ्या आर्कयुनिटमध्ये जोडा वापरू न देणारा नियम तयारच मिळतो. तो ‘फ्रीझ’ करून लावला की आजवरचे गुन्हे माफ, नवा दिसला की बिल्ड लाल. हे केलं नाही तर तुम्ही एका मॉड्यूलमधून जोडा काढत असताना शेजारची टीम दुसऱ्यात घालत असते. आमच्याकडे तर ती आमच्याच मागच्या रांगेत बसते.

मग सोपा भाग उरकून घ्या. लोकलडेटला (नुसती तारीख, वेळ नाही) दोन्हीकडे लोकलडेटच म्हणतात, बऱ्याच मेथड्सची नावंही सारखी. कोड आपोआप बदलणाऱ्या ओपनरीराइटची रेसिपी यातलं बरंच उचलते. बाकी जिथे टाइप जुळत नाही तिथे कंपायलर ओरडतो, तुम्ही दुरुस्त करता. कंटाळवाणं काम आहे, पण धोक्याचं नाही. धोका आहे तो कंपायलर गप्प बसतो तिथे, आणि आमचा बहुतेक वेळ तिथेच गेला.

सगळ्यात मोठं प्रकरण महिन्यांचं. ३१ जानेवारी २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२३ यात किती महिने झाले? जोडा म्हणते एक. जावा डॉट टाइम म्हणतं शून्य. जोडाचा हिशोब असा: ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारी २८ लाच संपतो म्हणून उत्तर २८ फेब्रुवारी येतं, तेव्हा उलट मोजतानाही तो एक महिनाच धरायचा. जावा डॉट टाइम सरळ दिवसाचा आकडा बघतं. २८ हा ३१ पेक्षा लहान, म्हणजे महिना पुरा नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. गंमत म्हणजे महिना मिळवताना दोघांचं उत्तर तंतोतंत एक येतं, फाटतं ते फरक काढताना. त्यामुळे मिळवण्याच्या टेस्ट हिरव्या बघून समाधान मानू नका.

कर्जात हा फरक थेट पैशात उतरतो. आमच्या वाहनकर्जांच्या काही योजनांत मुदतपूर्व परतफेडीचा आकार किती महिने पूर्ण झाले यावर ठरतो. उत्तर एकानं कमी आलं की ग्राहक महागड्या टप्प्यात जाऊन बसतो. टीममध्ये यावर चांगलाच वाद झाला. एकाचं म्हणणं, जावा म्हणतं तेच आता प्रमाण माना. दुसऱ्याचं म्हणणं, जुनं वागणं जसंच्या तसं ठेवा. शेवटी प्रश्न ऑपरेशन्सच्या मॅडमकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘फेब्रुवारी संपला म्हणजे महिना संपला. यात विचारायचं काय आहे?’ म्हणजे करारातला महिना जोडाच्या महिन्याशी जुळत होता, तोही योगायोगानं. मग आम्ही ‘पूर्ण झालेले महिने’ नावाचं स्वतःचं एक फंक्शन लिहिलं, महिनाअखेरच्या तारखांच्या सगळ्या जोड्यांच्या टेस्ट त्याच्या शेजारी ठेवल्या आणि बाकी कोडमध्ये थेट महिने मोजायला बंदी घातली. तुमचा धंदा वेगळा असेल तर उत्तर वेगळं येईल. पण ते उत्तर लायब्ररीला विचारू नका, करार वाचणाऱ्या माणसाला विचारा.

हे सापडलं कसं, तर समांतर धावेमुळे. नावं-नंबर झाकलेल्या डेटावर प्रत्येक कर्जाचा हिशोब जुन्या आणि नव्या, दोन्ही कोडनं करायचा आणि फरक तेवढे फाइलीत उतरवायचे. युनिट टेस्टमध्ये माणूस १५ जून, १० ऑगस्ट असल्या गुळगुळीत तारखा लिहितो. खरे ग्राहक ३१ तारखेला कर्ज घेतात. एवढ्यासाठी जोडा टेस्ट स्कोपमध्ये काही काळ राहू द्या, लगेच हाकलू नका.

त्याच फाइलीत दुसरी भानगड दिसली. मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या बॅचमध्ये ‘आज’ची तारीख एक दिवस मागे. सर्व्हरवरचे कंटेनर यूटीसीवर (जागतिक वेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे) चालतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ॲप्लिकेशन सुरू होताना कोणीतरी फार पूर्वी जोडाचा डीफॉल्ट झोन एशिया/कोलकाता करून ठेवला होता, आणि तो सेट करणं फक्त जोडापुरतं असतं, जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या इंजिनाच्या) डीफॉल्टला हात लागत नाही. जोडा गेली तशी ती ओळही गेली, आणि पहाटे साडेपाचपर्यंत आमची सिस्टिम कालच्या दिवसात. तेव्हा सेट-डीफॉल्ट कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधा. आणि ‘आज’ विचारताना झोन किंवा क्लॉक हातानं द्यायचाच, हा नियम करा. झोन न देता ‘नाऊ’ (आत्ता) विचारण्यावरही आम्ही आर्कयुनिटचा नियम लावला.

मोठ्या वायचं प्रकरण कुप्रसिद्ध आहे, तरी लोक पडतातच. तारखेच्या पॅटर्नमध्ये वर्षासाठी चार मोठे वाय लिहिले तर जोडा त्याला साधं वर्ष समजते. जावा डॉट टाइममध्ये मोठा वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. ३१ डिसेंबर २०२४ मंगळवारी आला, तो आठवडा २०२५ चा पहिला, म्हणून स्टेटमेंटवर छापून येतं ३१-१२-२०२५. वर्षभर सगळं झकास चालतं, वर्षाच्या त्या चार दिवसांतच वाट लागते, आणि तेव्हा सपोर्टवर सगळ्यात ज्युनिअर मुलगा एकटा असतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की असल्या पॅटर्ननं तारीख वाचायला गेलात तर एरर येतो. छापताना मात्र गपचूप चुकीचं छापलं जातं. फक्त जावा फाइली बघून थांबू नका. आमचे अर्धे पॅटर्न प्रॉपर्टीज फाइलींत आणि रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये होते, काही तर डेटाबेसच्या कॉन्फिग टेबलात. शोधताना यूटीसीपासूनचा फरक छापणारे दोन झेडही शोधा. जोडात ते +०५:३० देतात, जावा डॉट टाइममध्ये मधला कोलन गायब होतो. कोलन हवा तर तीन एक्स लिहायचे.

स्ट्रिंगचा मुद्दा निघालाच आहे तर टू-स्ट्रिंग, म्हणजे वेळेचा मजकूर करून देणारी मेथड. जोडाचं डेटटाइम नेहमी मिलिसेकंदांसकट छापतं, शून्य असले तरी. जावा डॉट टाइमच्या बहुतेक टाइपमध्ये मिलिसेकंद शून्य असले तर ते गळतात, सेकंदही शून्य असले तर सेकंदही, आणि झोन्डडेटटाइम असेल तर शेवटी चौकोनी कंसात एशिया/कोलकाता चिकटतं. आमच्याकडून एका भागीदार कंपनीला ठराविक लांबीची फाइल जाते, आणि त्यात वेळ टू-स्ट्रिंगनं लिहिलेली. बरोबर दहा वाजताच्या नोंदी त्यांच्याकडे नापास, दहा वाजून एक सेकंद आणि वर काही मिलिसेकंदांच्या पास. जेसनमध्येही हीच तऱ्हा. जेसन लिहिणाऱ्या जॅक्सन लायब्ररीत तारखा आकड्यांत लिहायचं सेटिंग चालू असेल तर जोडाचं डेटटाइम मिलिसेकंद पाठवतं आणि जावाचं इन्स्टंट डीफॉल्टनं सेकंद, वर दशांश. ॲपमध्ये तेच आकडे मिलिसेकंद समजून वाचले की हप्त्याची तारीख जानेवारी १९७० दिसते. म्हणून कोड बदलण्याआधी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक एपीआयचा आणि फाइलीचा नमुना साठवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

रिकाम्या तारखांकडे नीट बघा. जोडात डेटटाइमला नल (म्हणजे काहीच नाही) दिला तर त्याचा अर्थ होतो ‘आत्ता’. रकाना रिकामा, ऑब्जेक्ट तयार, वेळ आत्ताची, कुठेही एरर नाही. जावा डॉट टाइम तिथे नल पॉइंटरचा एरर फेकतं. मॅनेजर येऊन म्हणतील, ‘अरे, नल असेल तर नाऊ टाक आणि मर्ज कर.’ टाकू नका. मँडेटची (खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीची) अखेरची तारीख रिकामी म्हणजे मुदत नाही, कर्ज बंद केल्याची तारीख रिकामी म्हणजे कर्ज चालू. दोन्हींचा अर्थ ‘आत्ता’ नाही.

आता माझं आवडतं. एका कोपऱ्यात जामीनदाराच्या जन्मतारखेला दुपारचे बारा जोडणारी ओळ सापडली. कॉमेंट नाही, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. आमच्यातला एकजण ती काढायला निघाला होता. कारण सापडलं टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये. युद्धाच्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती, ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. त्यामुळे १ सप्टेंबर १९४२ ची मध्यरात्र या नोंदीप्रमाणे अस्तित्वातच नाही, घड्याळ थेट एकवर. त्या दिवशी जन्मलेल्या आजोबांची तारीख मध्यरात्रीचं डेटटाइम म्हणून बनवायला गेलं की जोडा एक्सेप्शन देते. जावा डॉट टाइम देत नाही, मुकाट्यानं एक वाजवतं. ज्यानं कोणी दुपारचे बारा घातले त्याला एखाद्या शाखेतून फोन आला असणार. आम्ही ती ओळ काढली, पण जन्मतारीख सगळीकडे लोकलडेट करून मगच.

(मुंबईकरांसाठी अवांतर: १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम या शहरात १९५५ पर्यंत चालू होता. टाइमझोन डेटाबेसात त्याची वेगळी नोंद नाही. जामीनदार गिरगावात जन्मलेला असो, संगणक त्याला कोलकात्याच्या घड्याळानंच मोजतो.)

डेटटाइमच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी पडतो. यांत्रिकपणे झोन्डडेटटाइम घालत सुटू नका. घडून गेलेल्या घटनेला इन्स्टंट, देय तारखेला आणि जन्मतारखेला लोकलडेट, आणि बाहेरून ऑफसेटसकट येणाऱ्या वेळेला ऑफसेटडेटटाइम, एवढ्यात आमचं जवळजवळ सगळं भागलं. जोडाच्या इंटरव्हलला जावात जोड नाही, तो थ्रीटेन-एक्स्ट्रा या वेगळ्या लायब्ररीत मिळतो. पीरियडचं नाव तेच असलं तरी जावाच्या पीरियडमध्ये तास-मिनिटं नसतात, त्यासाठी ड्युरेशन. दिवसाचा शेवट म्हणून लोकलटाइम मॅक्स वापरू नका. त्यात नॅनोसेकंद असतात, मायएसक्यूएल डीफॉल्टनं ते राउंड करतं आणि ३१ मार्चचा व्यवहार १ एप्रिलला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन पडतो. ‘दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधी’ अशी अट लिहा.

टेस्टचं काम अंदाजात धरत नाहीत आणि मग रडतात. जोडात एक स्टॅटिक मेथड मारली की अख्ख्या प्रोसेसचं घड्याळ थांबतं, आणि आमच्या टेस्ट त्यावरच उभ्या. जावा डॉट टाइममध्ये तशी सोय नाही, क्लॉक आत पाठवावा लागतो, म्हणजे कन्स्ट्रक्टर बदलतात, म्हणजे ज्या क्लासमध्ये तारखेचा संबंधही दिसत नव्हता तो क्लासही बदलतो. आमचा सल्ला: क्लॉक आत घालण्याचं काम जोडा असतानाच, वेगळं, आधी करून टाका. तेव्हा वागणं बदलत नाही, त्यामुळे रिव्ह्यू पटापट होतात.

रिलीजच्या तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. मार्चअखेर आणि प्रत्येक महिन्याचा शेवटचा आठवडा बाद. गणपतीत अर्धी टीम कोकणात, तेव्हाही नको. महिन्याच्या दहा तारखेनंतरचा मंगळवार आम्हाला मानवला, कारण तोवर हप्त्यांची मुख्य वसुली होऊन गेलेली असते आणि महिनाअखेरीला अजून वेळ असतो.

शेवटचा इम्पोर्ट गेला म्हणून पेढे वाटू नका. मेव्हन या बिल्ड टूलचं डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुठून येते त्याची यादी) काढून बघा. आमच्या इथे एका विकत घेतलेल्या रिपोर्टिंग लायब्ररीच्या पोटातून जोडा अजून येतेच आहे, आणि जोडाच्या जारमध्ये (लायब्ररीच्या फाइलीत) टाइमझोनचा स्वतःचा डेटा असतो, जेडीकेपेक्षा (जावाच्या मूळ संचापेक्षा) वेगळा. इजिप्तनं २०२३ मध्ये उन्हाळी वेळ परत सुरू केली, ते जुन्या जारला माहीत नाही. तिथल्या ग्राहकाच्या स्टेटमेंटवरची वेळ आणि आमच्या स्क्रीनवरची वेळ यात तासाचा फरक पडेल. व्हेंडरकडे तिकीट टाकलंय, तोवर त्या एका जारची आवृत्ती आम्ही वरून ताजी लादतो.