विमान मिळालं, पण बोजा उतरेना

सेकंडहँड विमान घेताना सगळ्यात अवघड काय, असं विचारणाऱ्यांना उत्तर बहुतेक ठाऊकच असतं: पैसे, नाहीतर डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं. आमचं घोडं अडलं ते ठाण्यातल्या एका बँकेच्या शाखेत, आणि तेही कधीच फिटलेल्या कर्जापायी. ती आठवण निघाली की अजून डोकं फिरतं, म्हणून आधीच सांगतो, हा लेख समतोल वगैरे नाही.

आम्ही तिघे भागीदार. मी खारघरचा, एक नेरूळचा, एक घोडबंदर रोडचा. तिघांकडेही पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना. फ्लाइंग स्कूलचं विमान तासांवर घ्यायचं तर विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकातून उरेल तेवढंच मिळतं, म्हणून स्वतःचं बघू लागलो. हवं होतं सेसना १५२. दोन सीट, ११० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, आणि ते ओळखणारे मेकॅनिक आपल्याकडे भरपूर. सोसायटीत बातमी फुटली तेव्हा प्रत्येकाने एकच विचारलं, "आता विमानतळ जवळच झालाय, तिथेच ठेवणार का?" नाही हो. ते बारामतीला भाड्याच्या हँगरमध्ये राहणार होतं, आणि उडायला जायचं तर पहाटे उठून एक्स्प्रेसवे गाठायचा.

ऑनलाइन शोधाचं म्हणाल तर ट्रेड-अ-प्लेन, कंट्रोलर, बार्नस्टॉर्मर्स ही अमेरिकन संकेतस्थळं म्हणजे व्यसन आहे. जाहिरातीतला एन-नंबर (तिथला विमान नोंदणी क्रमांक) घ्यायचा, तिथल्या सरकारी रजिस्टरमध्ये टाकायचा, मालक कोण ते बहुतेकदा लगेच समोर. पण बाहेरून आणायच्या विमानाच्या वयावर आपल्याकडे बंधन आहे, आणि १५२ चं उत्पादन १९८५ सालीच थांबलं. त्यामुळे ती संकेतस्थळं भाव आणि अवगुण कळण्यापुरती. भारतात असा बाजार नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप, हँगरमधल्या गप्पा, क्वचित एखादा ई-लिलाव. आम्हाला ग्रुपवरच सापडलं: प्रशिक्षण बंद केलेल्या एका स्कूलचं विमान, मालक एक निवृत्त कॅप्टन. लॉगबुकं पाहिली, आमच्या ओळखीच्या एएमईने (विमान देखभालीच्या परवानाधारक इंजिनिअरने) इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, किंमत ठरली. त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

मग सी ऑफ आर हातात आला. नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर मालकाच्या नावाबरोबर एका बँकेचं नाव: विमान हायपोथिकेटेड, म्हणजे बँकेकडे तारण. ते उतरल्याशिवाय मालकी बदलत नाही, बँकेचं ना-हरकत पत्र लागतंच. कॅप्टनसाहेब म्हणाले, "अहो, कर्ज केव्हाच फेडलं, नो ड्यूज आहे माझ्याकडे." होतं खरं. पण त्यात फक्त खातं बंद झाल्याचं लिहिलेलं. विमानावरचा हक्क सोडला, असं कुठेच नाही. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर त्यांच्या कंपनीचं नाव टाकून पाहिलं, तर तिथेही तो चार्ज, म्हणजे कर्जाचा बोजा, उघडाच. कर्ज फिटल्यावर सीएचजी-४ नावाचा फॉर्म ३० दिवसांत भरायचा असतो, तो कुणी भरलाच नव्हता. (विकणारी कंपनी असेल तर हे पहिल्याच दिवशी बघा, विमान बघायला जाण्याच्याही आधी.)

भरीला ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. सी ऑफ आरवर जुनं नाव, शाखेच्या पाटीवर नवं. जुनी कर्ज फाईल भिवंडीच्या गोदामात.

काउंटरवरच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न केला, "गाडी नंबर?" मी सांगितला. व्हीटी, रेघ, पुढे तीन अक्षरं.

"यात आकडे कुठायत?"

"विमानाच्या नंबरात आकडे नसतात, साहेब."

"मग सिस्टीम घेणार नाही. आरसी बुक आणा."

हे विनोदी वाटेल, पण त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. एनओसीचा साचा वाहनकर्जाचा. त्यात वाहन क्रमांक, चेसिस क्रमांक, आरटीओ, सोबत गाडीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. आरटीओच्या जागी काय लिहायचं, यावर शाखेत दोन मतं होती. एक मॅडम "वाशी लिहा" म्हणाल्या, कारण मी नवी मुंबईचा. शेवटी कुणीतरी नंबराच्या पुढे ०००१ जोडून पत्र छापलं आणि अभिमानाने माझ्या हातात दिलं. असल्या नंबराचं विमानच अस्तित्वात नाही. ते पत्र ई-जीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) चढवलं असतं तर अर्ज परतच आला असता. मी ते परत केलं, तर उत्तर आलं, "आता रद्द करायला झोनल ऑफिसची परवानगी लागेल."

झोनल ऑफिस म्हणे, शाखेकडून येऊ द्या. शाखा म्हणे, भिवंडीहून फाईल येऊ द्या. फाईल आली तर त्यात कॅप्टनसाहेबांच्या दुसऱ्याच विमानाचे कागद. दरम्यान आमच्या विमानाचं एआरसी संपलं. हे एअरवर्दिनेसचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, म्हणजे बँकेच्या दिरंगाईत विमान जमिनीवर अडकलं आणि पुढे हलवायला वेगळी परवानगी काढायची वेळ आली. मी रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश दाखवला: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अधिकारी शांतपणे म्हणाले, "तो वैयक्तिक कर्जांना आहे. हे कंपनीचं." नियम त्यांना पाठ होता, त्याचं मात्र मला कौतुक वाटलं.

गाडं हललं ते दोन गोष्टींनी. पहिली, पत्राचा मसुदा आम्हीच लिहून दिला. आमच्यातला नेरूळवाला सीए आहे, त्याने अर्ध्या पानात बसवला: विमानाचं नोंदणीचिन्ह, विमान बनवणाऱ्या कंपनीचा सीरियल नंबर, सी ऑफ आरवर आहे तसंच जुन्या बँकेचं नाव, विलीनीकरणाच्या अधिसूचनेचा उल्लेख, आणि "या विमानावर आमचा कोणताही हक्क उरलेला नाही" हे सरळ वाक्य. सिस्टीममधून नको, लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्का द्या म्हटलं. दुसरी, कॅप्टनसाहेबांनी बँकेकडे लेखी तक्रार टाकली. खातेदार ते, त्यामुळे तक्रार त्यांच्याच नावाने हवी. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, एवढी एक ओळ त्यात होती. झोनल ऑफिसच्या विधी अधिकारी मॅडमनी फोन करून मसुदा वर्ड फाईलमध्ये मागवला. पत्र आलं तेव्हा त्यात आमचा एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. त्या दिवशी आम्ही तिघांनी ठाण्यात तर्रीदार मिसळ खाल्ली आणि त्या शाखेसमोरून मुद्दाम गाडी नेली.

त्यानंतर डीजीसीएचा अर्ज, फी, नवा सी ऑफ आर. ज्याची सगळे भीती घालत होते, ते काम रीतसर पार पडलं.

आता आठवेल तसं सांगतो. करारात एक ओळ आमच्याकडे पहिल्यापासून होती: बोजा उतरलेला सी ऑफ आर आमच्या नावे झाल्यावरच उरलेली रक्कम. कॅप्टनसाहेब सज्जन आहेत, पण बँकेत हेलपाटे घालायचा उत्साह त्यांना त्या ओळीनेच आला. टोकन लहान ठेवा.

जाहिरातीतल्या चकचकीत रंगाकडे बघू नका. लॉगबुकांच्या शेवटच्या पानांचे फोटो मागा. विमानाचं, इंजिनाचं आणि प्रोपेलरचं अशी वेगवेगळी लॉगबुकं असतात. "कमी तास उडालेलं" ही नेहमी जमेची बाजू नसते. लायकमिंगचा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा) वरच्या अंगाला असतो, इंजिन महिनोन्महिने बंद राहिलं की तेल खाली उतरतं आणि तो गंजू लागतो. त्यात आपली दमट हवा. नियमित उडणारं, जास्त तासांचं विमान मी आधी बघेन. इंजिनाच्या ओव्हरहॉलला, म्हणजे ते पूर्ण खोलून दुरुस्त करायला, २,४०० तास धरतात, पण १२ वर्षांची मुदतही असते, जाहिरातवाले फक्त तास सांगतात.

रेडिओचा परवाना वेगळा, तो दूरसंचार खात्याकडून. मालकी बदलली म्हणून तो आपोआप तुमच्या नावावर येत नाही. विमाही लगेच नव्या नावाने करून घ्या.

आणि बँकेच्या त्या पत्राच्या मूळ प्रती दोन मागा, दोन्हींवर शाई असलेली सही. आम्ही दुसरी मागितली तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "दुसरी कशाला? दुसरं विमान आहे का?"