घानाच्या लाल मैदानांवर: विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाबरोबरचा माझा अनुभव

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांनुसार आमच्या वेळी पहिल्या श्रेणीतील संघाला ४ वर्षांतून एकदाच परदेश दौरा करता येत असे आणि त्यासाठी सरावाचे १० दिवस जादा मिळत. आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाने ही संधी घानासाठी वापरायचे ठरवले, तेव्हा मी तिथे अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती टाळण्याच्या आणि त्यांवर उपचार करण्याच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकत होते आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी याच संघाकडे माझी नेमणूक झाली होती. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांचे सामने पाहत मी वाढले आणि पुण्यात फिजिओथेरपीची पदवी घेतली ती याच खेळाच्या ओढीने. त्यामुळे या दौऱ्याच्या वैद्यकीय तयारीत मुख्य ट्रेनरबाईंच्या हाताखाली मला काम मिळाले, याचा आनंद फार मोठा होता.

तयारीची सुरुवात कागदपत्रांपासून झाली. घानाचा व्हिसा अमेरिकन मुलींनाही लागत होता, पण त्यांना परत येताना स्वतःच्याच देशात शिरायचे होते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा. म्हणजे घानात जाण्याइतकीच अमेरिकेत परतण्याचीही तजवीज मला आधी करायला हवी होती. पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसा परतीच्या दिवसापर्यंत वैध हवा आणि आय-२० या, विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्याला दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची प्रवासासाठीची सही वर्षाच्या आतली हवी. यांतली एक गोष्ट नसली, तरी परतीच्या विमानतळावर अडकण्याची भीती असते. म्हणून पासपोर्ट वॉशिंग्टनमधील घानाच्या दूतावासाकडे रवाना करण्यापूर्वीच मी सगळ्या कागदांच्या प्रती काढल्या आणि सहीचे काम उरकून घेतले. परदेशात शिकणाऱ्या आणि संघाबरोबर प्रवास करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला मी हाच क्रम सांगेन: आधी परतीची वाट पक्की करावी, मग जाण्याची.

घानात प्रवेश करताना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्याचे पिवळे कार्ड दाखवावे लागते. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यानंतर १० दिवसांनी तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लशीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असल्यामुळे काहींना एकदोन दिवस अंग मोडून आल्यासारखे होते, म्हणून आम्ही ती सरावाच्या दिवसांच्या पुष्कळ आधी देऊन टाकली. मलेरियाच्या गोळ्यांचा विचार मात्र जास्त बारकाईने करावा लागला. डॉक्सिसायक्लिन स्वस्त असते, पण तिने त्वचा उन्हाला हळवी होते आणि परतल्यावर ४ आठवडे ती चालू ठेवावी लागते. दिवसभर मैदानात राहणाऱ्या मुलींसाठी डॉक्टरांनी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निवडले. ती गोळी प्रवासाच्या एकदोन दिवस आधी सुरू करायची, रोज जेवणाबरोबर घ्यायची आणि परतल्यावर आणखी ७ दिवस घ्यायची. संघाच्या जेवणाच्या वेळीच मी गोळ्या वाटू लागले आणि प्रत्येकीने माझ्यासमोर ती गिळावी असा आग्रह धरला. मुलींना आधी तो जाचक वाटला, पण मी त्यात सवलत दिली नाही.

आमच्या संघातील एक खेळाडू सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक होती. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत २०१० पासून खेळाडूंच्या या तपासणीचा नियम आहे, कारण वाहक व्यक्ती एरवी निरोगी असली, तरी उष्णतेत अतिश्रम झाल्यास तिचे स्नायू झपाट्याने निकामी होऊ शकतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा शब्द घराघरांत माहीत आहे. पश्चिम आफ्रिकेतही हे लक्षण पुष्कळ आढळते. त्या मुलीने कुठेतरी वाचले होते की वाहकांना मलेरिया होत नाही. खरे एवढेच आहे की फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्यांना बरेच संरक्षण मिळते. लागण होण्यापासून ते सुटत नाहीत. तिच्याशी मी निवांत बसून बोलले, गोळ्या तिलाही सुरू केल्या आणि तिच्या धावण्याच्या सरावात जास्त विश्रांती घातली.

सरावाच्या दिवसांत आम्हाला सर्वांत जड गेला तो नियमांतला फरक. अमेरिकेच्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते आणि घड्याळ शून्याकडे उलटे चालते, त्यामुळे प्रशिक्षक दमलेल्या मुलींना आलटूनपालटून विश्रांती देतात. घानातले सामने फिफाच्या नियमांनी होणार होते, म्हणजे एकदा बाहेर गेलेली खेळाडू परत येणार नव्हती आणि वेळ पंचाच्या हाती राहणार होती. मे महिन्याच्या दमट हवेत पूर्ण ९० मिनिटे खेळण्याची सवय आमच्या फार थोड्या मुलींना होती. म्हणून दुपारच्या उन्हातले सराव हळूहळू वाढवले, सरावाआधी आणि नंतर प्रत्येकीचे वजन घेतले आणि घामातून गेलेले पाणी व मीठ भरून काढण्याचा प्रत्येकीचा हिशेब वेगळा मांडला.

घानाच्या राजधानीत, आक्राच्या कोटोका विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्यांनी पिवळी कार्डे पाहिली आणि आम्ही बाहेर पडलो. डाव्या हाताने काही देऊ किंवा घेऊ नये हे मुलींना पुन्हा पुन्हा बजावले होते. मला तो संस्कार घरूनच मिळालेला होता.

पहिला सामना गवत नसलेल्या मैदानावर झाला. ती लाल माती दुरून मला थेट आखाड्यातली वाटली. पण आखाड्याची माती तेल-ताक घालून, खोऱ्याने उकरून मऊ केलेली असते आणि ही जांभ्याची होती, वर बारीक खडे आणि खाली दगडासारखा टणक थर. लांब खिळ्यांचे बूट तिच्यात रुतत नव्हते, म्हणून आम्ही मुलींना आखूड रबरी खिळ्यांचे बूट घालायला लावले. तरीही आमची एक बचावपटू घसरून आडवी झाली आणि तिचा गुडघा खरवडून निघाला. सलाइनची धार सोडत, चिमट्याने एकेक लाल खडा काढताना माझ्या लक्षात आले की यजमान संघाची एकही मुलगी अशी घसरत नाहीये. त्यांची मधल्या फळीतली खेळाडू उसळता चेंडू पायाच्या तळव्याखाली दाबून घेई, क्षणभर थांबे आणि मगच वळे. चेंडू वेडावाकडा उसळणार हे तिने गृहीतच धरलेले होते. मध्यंतरात त्या मुली पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीचा कोपरा दातांनी फाडून दोनतीन घोटांत ती रिकामी करत आणि लगेच पुढच्या चालींबद्दल बोलू लागत. त्या संघाने आम्हाला हरवले आणि तो विजय पूर्णपणे त्यांच्या खेळाचा होता.

हे सविस्तर लिहिण्याला कारण आहे. निघण्यापूर्वी विद्यापीठात या दौऱ्याबद्दल जे बोलले जाई, त्यात वापरलेले बूट आणि चेंडू वाटण्याचा कार्यक्रमच मोठा असे, सामने मात्र जोडीला असल्यासारखे. मला ते तेव्हाही पटले नव्हते. घानाचा महिला संघ, ज्याला ‘ब्लॅक क्वीन्स’ म्हणतात, १९९९, २००३ आणि २००७ या तिन्ही विश्वचषकांत खेळला. त्यांतल्या एकाही स्पर्धेत भारत नव्हता. कर्णधार अजोआ बायोर आफ्रिकेची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली होती. २०१२ मध्ये घानाच्या १७ वर्षांखालील मुलींनी विश्वचषकात जर्मनीला हरवून तिसरे स्थान मिळवले, तर सेकोंदीचा हासाकास लेडीज हा क्लब २०२१ च्या पहिल्या आफ्रिकन महिला चॅम्पियन्स लीगमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. अशा देशात आपण दाते म्हणून जातो आहोत असे समजणे यजमानांवर अन्याय करणारे आहे, असे मी आमच्या प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मानले. पुढच्या गावांत वस्तूंचे वाटप स्थानिक क्लबच्या हाती दिले आणि त्या वेळात दोन्ही संघांचा एकत्र सराव ठेवला. चेंडू तळव्याखाली घेण्याची ती युक्ती आमच्या मुली तिथेच शिकल्या आणि केप कोस्टजवळच्या सामन्यात, पावसाने मैदानाचा लाल चिखल झालेला असताना, आम्ही बरोबरी साधली. आमची सिकलसेल वाहक खेळाडू त्या सामन्यात उत्तरार्धात उतरली आणि मी तिच्यावरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही. ती उत्तम खेळली.

परतीच्या विमानतळावर माझी रांग संघापासून वेगळी होती. अधिकाऱ्याने आय-२० वरची सही तपासली, घानात काय करत होतात असे विचारले आणि पुढे जाऊ दिले. त्यानंतर ७ दिवस मी रोज संघाच्या गटात गोळीची आठवण टाकत राहिले आणि प्रत्येकीकडून उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवला नाही. शिवाय प्रत्येकीला लेखी सूचना दिली, ती अशी: पुढच्या वर्षभरात केव्हाही ताप आला, तर तो साधा समजून अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण घानात होतो हे त्यांना न विचारता आधी सांगावे.