बाळंतिणीच्या मनावर पीएचडी : पेठ तालुक्यातला माझा अनुभव

पीएचडीची व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाल्यापासून बऱ्याच सिस्टर्स विचारतायत की नोकरी करत पीएचडी जमते का, म्हणून जसं झालं तसं लिहून काढते.

मी नाशिकची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून 11 वर्षं लेबर रूम, मधे पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी नर्सिंग. विषय मला शोधावा लागला नाही. एका ग्रामीण रुग्णालयात ड्युटी असताना एक बाई बाळाला दीड महिन्याच्या लसीला घेऊन आली, बाळ रडतंय, दूध गळून ब्लाऊज ओला झालाय आणि ती नुसती भिंतीकडे बघत बसलेली. मी बाळाचं वजन केलं, कार्ड भरलं, पुढची तारीख सांगितली आणि सोडलं. नंतर आशाताई म्हणाली, सिस्टर, ती चार दिवस जेवली नव्हती. बाळाचं सगळं मी विचारलं होतं, तिचं काहीच नाही. ते डोक्यातून गेलंच नाही.

एन्ट्रन्स, कोर्सवर्क यात अवघड काही नव्हतं, अभ्यास केला की होतं. खरा वेळ गेला एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांना त्रास होणार नाही ना हे बघून परवानगी देणाऱ्या समितीत. मी एडिनबर्ग स्केल घेतला होता, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करायची प्रश्नावली, 1987 ची, 10 प्रश्न, मागच्या 7 दिवसांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 मार्क, एकूण 30. त्यातला 10 वा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. कमिटीने फाईल परत पाठवली, एकच मुद्दा : बाई हो म्हणाली तर तुम्ही त्या क्षणी काय करणार? मी लिहिलं होतं 'योग्य ठिकाणी रेफर करू'. दुसऱ्यांदाही परत आली. तेव्हा राग आला होता, आता वाटतं त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पाड्यावर संध्याकाळी पाचला बाई हो म्हणाली तर रेफर म्हणजे नक्की काय, गाडी कुठली, बाळ कोणाकडे? मग नीट बसून प्लॅन केला. तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या कोणाला सांगायचं ते तिलाच विचारायचं, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना तिथूनच फोन, त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञांशी बोलणं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर घरी लिहून ठेवायचा. अजून एक, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या संमतीच्या अंगठ्याला त्रयस्थ साक्षीदार लागतो. मी त्या बाईच्या सासूलाच धरलं होतं. गाईड मॅडमनी विचारलं, अगं सासू समोर बसल्यावर ती काय बोलणार? मग अंगणवाडीताईंना विनंती केली.

भाषांतराचं तर वेगळंच. प्रमाण मराठीतला फॉर्म घेऊन गेले आणि पहिल्या दोनतीन घरांतच कळलं की हे चालणार नाही. 6 वा प्रश्न इंग्रजीतच असा आहे की गोष्टी माझ्या अंगावर चढतायत, त्याचं शब्दशः मराठी केलं तर बायका म्हणायच्या, काय चढतंय ताई? शेवटी 'कामं आवरेनाशी होतात, कुठून सुरू करू सुचत नाही' असं केलं. झोपेच्या प्रश्नाला सगळ्याच हो म्हणायच्या, बाळ झोपूच देत नाही ना. तिथे मनाच्या त्रासाने झोप उडते का हे कळायला हवं, म्हणून बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही का असं विचारायला लागलो. 'उदास' कोणी म्हणत नाही, 'जीव लागत नाही', 'काही गोड लागत नाही' असंच म्हणतात. मग तो फॉर्म दुसऱ्या माणसाकडून उलटा इंग्रजीत करून घ्यायचा, मूळ फॉर्मशी ताडून बघायचा, परत दुरुस्ती, परत ट्रायल. मार्कांची दिशाही सगळीकडे एकसारखी नाही, काही पर्याय वरून खाली 0 ते 3 आणि काही 3 ते 0, मी पहिले फॉर्म रात्री दोनदा तपासायचे. आणि स्केलने निदान होत नाही, कोणाला डॉक्टरांनी बघायला हवं एवढंच कळतं, हे घरच्यांना प्रत्येक वेळी सांगायचे.

फिल्डवर्क आशाताईंमुळे झालं. त्यांची नवजात बाळासाठीची शेवटची गृहभेट 42 व्या दिवशी असते, म्हणजे सव्वा महिना नुकताच होऊन गेलेला असतो, मी त्या भेटीला सोबत जायचे. सुरुवातीच्या दिवसांतलं रडू बहुतेक जणींचं पहिल्या दोन आठवड्यांत आपोआप थांबतं, त्यामुळे हा दिवस मला बरोबर वाटला. पण पहिलं बाळंतपण माहेरी, नाव एका गावच्या यादीत आणि बाई दुसऱ्या गावी. भात कापून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी निफाडला द्राक्षांच्या कामाला उतरतात, घराला कुलूप. सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून करंजाळीला पोचायचं आणि घर बंद. मग मी दिंडोरीकडच्या बागांमध्ये जायला लागले, ओळखीने पत्ता काढायचा, बाळ झोळीत आणि आई कामावर, दुपारच्या सुट्टीत बोलायचं. त्यासाठी कमिटीची परवानगी परत घेतली, आणि काम जवळजवळ एक वर्ष लांबलं. त्या वर्षी घरी माझ्या सासूबाईंनी मुलाची शाळा, डबा सगळं सांभाळलं, नाहीतर मी सोडून दिलं असतं.

करिअरचं विचारता तर खरं सांगते. 2018 मध्ये केंद्राने मिडवायफरीच्या, म्हणजे नर्सनी बाळंतपण सांभाळण्याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या, 18 महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी ट्रेनिंग आलं, वाट उघडतेय. पण संशोधन आणि वॉर्ड दोन्ही एकत्र करता येईल अशी पोस्ट मला अजून दिसली नाही, बहुतेकींना शिकवण्यातच जावं लागतं, मीही कॉलेजला अर्ज केलेत. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, 1998 पासून, आणि तरी आपल्याकडच्या किती सिस्टर्स फॉर्म भरायला घाबरतात याचं वाईट वाटतं. लेबर रूममध्ये जे रोज दिसतं ते आपल्याइतकं जवळून कोण बघतं?

व्हायवात एक्झामिनरनी विचारलं की 10 व्या प्रश्नाला हो म्हणणारी भेटली का. भेटली. बागेतच भेटली, मी पेन खाली ठेवलं, तिचं बाळ मांडीवर घेतलं आणि दोघी बराच वेळ बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत गेले. तिची उपचारांची फाईल सुरू झाली, पुढच्या तारखांना ती नवऱ्याला घेऊन गेली. आता आशाताईकडून निरोप असतो, बाळ धरून उभं राहतंय म्हणे.